बावीस कुठून आले?

जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या मागच्या गल्लीतलं भाड्याचं घर. जळगावकडून एमएस करायला आलेला एक मुलगा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. अडचण चार ओळींची होती, पण तिच्यापायी त्याचे दोन तास गेले होते. सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम, तो 'नमस्कार' छापतो. स्क्रिप्टमध्ये त्याच्या पुढे दोन अँपरसँड लिहून दुसरी कमांड जोडलेली. नमस्कार छापला जातो, पुढची कमांड मात्र चालत नाही. "काका, प्रोग्रॅम तर बरोबर चालतोय ना?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, संपताना तो शेलला काय सांगून गेला ते आधी बघ. त्यानं डॉलर आणि प्रश्नचिन्ह टाइप करून विचारलं. उत्तर आलं : २२.

हे बावीस त्यानं कुठेही लिहिलेले नव्हते. मग आले कुठून? 'नमस्कार' या शब्दात युनिकोडच्या हिशेबानं सात चिन्हं आहेत : न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सात त्रिक एकवीस, आणि ओळ संपवणारा एक बाइट धरून बावीस. छापणारं फंक्शन आपण किती बाइट छापले तो आकडा परत देतं आणि प्रोसेसरच्या एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये ठेवून जातं. मुलानं सुरुवात 'व्हॉइड मेन' अशी केली होती, म्हणजे मेन काहीच परत देणार नाही. पण मेनला बोलावणाऱ्या कोडला हे कोण सांगणार? तो आधीच बांधून ठेवलेला असतो, आणि मेन पूर्णांक देणार हे धरूनच बांधलेला असतो. त्यानं नेहमीप्रमाणे त्या रजिस्टरमध्ये हात घातला. तिथे मागचे बावीस पडलेले होते, ते उचलून त्यानं ऑपरेटिंग सिस्टिमला दिले. शून्य म्हणजे काम झालं आणि बाकी काहीही म्हणजे बिघडलं, हा युनिक्सचा रिवाज. शेलनं बावीस पाहिले आणि पुढची कमांड अडवली. शेलचं काहीच चुकलं नव्हतं.

कंपायलरचंही नाही. जीसीसी एरवी या बाबतीत गप्प राहतो, पण 'वॉल' हा पर्याय दिला की बोलतो. इथे विभागानं दिलेल्या मेकफाइलमध्ये तो पर्याय होताच. त्यामुळे पडद्यावर दर वेळी वॉर्निंग येत होती : मेनचा रिटर्न टाइप इंट नाही. मुलानं ती पाहिली होती. "पण काका, वॉर्निंगच आहे ना, एरर थोडीच आहे?"

हे वाक्य मी पुण्यातल्या लॅबमध्ये ऐकलं आहे आणि हडसनकाठच्या काचेच्या इमारतींतही ऐकलं आहे. ते म्हणणारी माणसं आळशी नसतात. त्यांना कोणी तरी तसं शिकवलेलं असतं, आणि कसं शिकवलं गेलं तेही मला ठाऊक आहे, कारण मीही त्याच बाकांवर बसलो आहे.

आपल्याकडच्या कॉलेजांत सी म्हणजे वर्षानुवर्षं टर्बो सी. निळा पडदा, वर 'कोनिओ' हेडर, मेनच्या पहिल्या ओळीत पडदा पुसणं आणि शेवटच्या ओळीत एक कळ दाबायची वाट बघणं. बोरलँडनं हा कंपायलर १९८७ साली डॉससाठी आणला. डॉस गेलं, यंत्रं ६४ बिटांची झाली, तरी आपण डॉसबॉक्सच्या आत तोच निळा पडदा जिवंत ठेवला. त्या कंपायलरमध्ये नुसतं 'मेन' लिहून काही परत दिलं नाही, की तो म्हणायचा : फंक्शननं व्हॅल्यू परत द्यायला हवी. अगदी योग्य तक्रार. तिचं उत्तर एका ओळीचं होतं, 'रिटर्न झीरो'. आम्हाला ते उत्तर शिकवलं गेलं नाही. मास्तरांनी फळ्यावर मेनच्या आधी व्हॉइड लिहिलं, तक्रार बंद झाली, आणि प्रयोगवहीत सही मिळाली. डॉसवर आमच्या प्रोग्रॅमचा एक्झिट कोड विचारणारं कोणी नव्हतंच. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या दिवशी आम्ही जो धडा गिरवला तो असा : तक्रार आली तर तिचं तोंड बंद करायचं. भाषा त्यानंतर शिकलो.

आणि ही तक्रार आली कुठून, ते जर्सी सिटीत राहणाऱ्यानं तरी विसरू नये. आपल्याला खेटून असलेल्या होबोकनच्या स्टेशनवर ग्लॅडस्टन फाट्याची गाडी पकडली की वाटेत मरे हिल लागतं. तिथल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास सी घडवली. तिची आई म्हणावी ती 'बी' भाषा, तिला टाइपच नव्हते. यंत्राचा एक शब्द हाच सगळ्याला पुरत होता. तो वारसा सीमध्ये उतरला : टाइप लिहिला नाही तर तो इंट समजायचा. १९७८ साली न्यू जर्सीतल्याच एंगलवुड क्लिफ्सच्या प्रेंटिस-हॉलनं कर्निगन-रिची यांचं पुस्तक काढलं, त्यात मेनच्या आधी टाइप नाही तो याचमुळे. तिथे जे लिहिलेलं नाही ते इंट आहे, व्हॉइड नव्हे.

त्याच सुमारास, १९७७ मध्ये, त्या मंडळींनी युनिक्स पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ या ३२ बिटांच्या यंत्रावर न्यायला घेतली. पीडीपी-११ वर पूर्णांक आणि पॉइंटर एकाच मापाचे, दोन-दोन बाइटांचे. म्हणून एकाच्या जागी दुसरा घालून लोकांचं वर्षानुवर्षं भागत होतं. नव्या यंत्रावर मापं नि मांडणी बदलली आणि ही सैल लिखाणं उघडी पडू लागली. तेव्हा स्टीव्ह जॉन्सन यांनी 'लिंट' लिहिलं. कंपायलर जे मुकाट्यानं गिळत होता, ते संशयास्पद लिखाण शोधून त्यावर बोट ठेवणारा हा वेगळा प्रोग्रॅम. आज आपल्या पडद्यावर येणाऱ्या टाइपच्या वॉर्निंगा म्हणजे लिंटचीच नातवंडं-पतवंडं. एका यंत्रावरचा कोड दुसऱ्या यंत्रावर नेताना ज्यांनी मार खाल्ला त्यांनी त्या लिहिल्या आहेत. 'पोर्टेबल सी लिहायची आहे, पण वॉर्निंगा बंद ठेवतो' असं कोणी म्हटलं की मला ते म्हणूनच पटत नाही.

१९८९च्या अन्सी मानकानं मेनची दोन रूपं ठरवून दिली : इंट परत देणारं आणि काहीच न घेणारं, किंवा इंट परत देणारं आणि आर्गसी, आर्गव्ही (आर्ग्युमेंटांची संख्या आणि त्यांची यादी) घेणारं. १९९९च्या आवृत्तीनं न लिहिलेला इंट रद्द केला. मेनपुरती एक सवलतही दिली : इंट मेनच्या शेवटच्या महिरपी कंसापर्यंत पोचलात तर शून्य परत दिलं असं धरू. ही सवलत व्हॉइड मेनला नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ नं टाइप न लिहिणं ही सरळ एररच केली. व्हॉइड मेनवर अजून वॉर्निंगच आहे, आणि म्हणूनच ती ऐकण्याची जबाबदारी आपल्यावर उरते.

ऐकली नाही तर काय होतं, ते मी पाहिलं आहे. जर्सी सिटीत बँका आणि दलाली पेढ्या यांची रात्रीची कामं साखळीनं चालतात. एक प्रोग्रॅम संपला, त्यानं शून्य दिलं, की शेड्युलर पुढचा सोडतो. अमेरिकेत २८ मे २०२४ पासून शेअर व्यवहार दुसऱ्याच कामकाजी दिवशी मिटवावा लागतो, त्यामुळे या रात्री आणखी आखूड झाल्या आहेत. मी ज्या जागी होतो तिथे असाच एक जुना प्रोग्रॅम होता, व्हॉइड मेनचा. तो कित्येक वर्षं बिनतक्रार चालला, कारण त्याचं शेवटचं काम फाइल बंद करण्याचं होतं आणि फाइल बंद करणारं फंक्शन यश आलं की शून्य देतं. रजिस्टरमध्ये शून्य उरायचं, शेड्युलर खूश. मग एका सहकाऱ्यानं चांगल्या हेतूनं, रात्री लॉग वाचणाऱ्याला बरं पडावं म्हणून, फाइल बंद केल्यावर 'काम पूर्ण झालं' अशा अर्थाची एक ओळ छापली. त्या रात्री प्रोग्रॅमनं त्या ओळीची लांबी एक्झिट कोड म्हणून दिली. साखळी तुटली. लॉगमध्ये 'पूर्ण' आणि शेड्युलरवर 'अयशस्वी'. अडीच वाजता फोन. आम्ही चार माणसं पहाटेपर्यंत डेटाबेसमध्ये चूक शोधत राहिलो, कारण छापण्याच्या एका ओळीनं एवढं होईल हे कोणाच्या मनातही आलं नाही. सकाळी मेकफाइल उघडली. त्यात मेनबद्दलची वॉर्निंग बंद करणारा पर्याय होता, आणि शेजारी टिपण : 'आवाज कमी करण्यासाठी'. तो मी स्वतः तिथे रुजू होण्याआधी कोणी तरी लिहिला होता. पण मी ती फाइल वर्षभर रोज पाहत होतो आणि मला तो खटकला नव्हता, हे मी आजही विसरलेलो नाही.

त्या रात्री काम थांबलं, एवढ्यावर निभावलं. उलटं झालं असतं तर? म्हणजे फाइल उघडलीच नाही आणि रजिस्टरमध्ये योगायोगानं शून्य राहिलं, तर पुढचा प्रोग्रॅम रिकाम्या आकड्यांवर बिनबोभाट चालतो. तेव्हा कोणी फोनही करत नाही.

वॉर्निंग बंद करायची आणखी एक तऱ्हा आहे, ती जास्त प्रतिष्ठित दिसते : कास्ट. कास्ट म्हणजे कंपायलरला 'मी पाहिलं आहे, तू लक्ष घालू नकोस' असं सांगणं. पाहिलेलं असेल तर ते ठीक. मेनच्या दारात मात्र बहुधा पाहिलेलं नसतं. आपल्या भाषेतलंच उदाहरण घ्या. विंडोजवर साध्या मेनला आर्गव्ही जुन्या कोड पेजमधून मिळतं, आणि देवनागरीसाठी तसं कोड पेज विंडोजनं कधी दिलंच नाही. 'पुणे' नावाची फाइल दिली तर प्रोग्रॅमच्या हाती प्रश्नचिन्हं येतात. त्यावर उपाय म्हणून लोक 'डब्ल्यूमेन' लिहितात. त्यात अक्षरं सोळा बिटांची येतात. पण आतली सगळी फंक्शनं साध्या कॅरेक्टरची, म्हणून कंपायलर म्हणतो : पॉइंटरचे टाइप जुळत नाहीत. घाईतला माणूस तिथे कास्ट ठोकतो आणि वॉर्निंग जाते. आता 'पुणे'चं काय होतं बघा. प, उकार, ण आणि मात्रा यांचे युनिकोड क्रमांक बाइट-बाइट करून वाचले की हाती येतं : तारा, टॅब, कॅपिटल ए, टॅब, हॅश, टॅब, कॅपिटल जी, टॅब. हे नाव घेऊन प्रोग्रॅम डिस्कवर फाइल शोधत फिरतो. इंग्रजी नाव असतं तर पहिल्या अक्षरानंतरच शून्य बाइट येऊन ते तिथे तुटलं असतं आणि चाचणीत लगेच दिसलं असतं. मराठी नाव मात्र लांबलचक कचरा होऊन आतवर पोचतं. कंपायलर हेच सांगत होता. रूपांतर करणारं फंक्शन लिहायला हवं होतं, किंवा २०१९च्या विंडोज १० (आवृत्ती १९०३) पासून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ मागता येतं, ते मागायला हवं होतं.

उलट, जी कास्ट करायलाच हवी ती लोक विसरतात. आर्गव्हीतलं पहिलं अक्षर वर्णमालेतलं आहे का हे तपासताना लायब्ररीच्या फंक्शनला शून्य ते २५५ मधला आकडा, नाही तर फाइल संपल्याची खूण, एवढंच चालतं. 'प'चा यूटीएफ-८ मधला पहिला बाइट २२४. इंटेलच्या यंत्रावर कॅरेक्टर चिन्हासहित असतो, तिथे तोच बाइट उणे ३२ होतो, आणि फंक्शन आपल्या तक्त्याच्या बाहेर हात घालू शकतं. एआरएमवरच्या लिनक्सवर तोच कोड २२४ देतो आणि सुखरूप चालतो. काही प्रणालींवर कंपायलर इथे 'अ‍ॅरेच्या सबस्क्रिप्टला कॅरेक्टर टाइप दिला आहे' असं बजावतो. तिथे 'अनसाइन्ड कॅरेक्टर' अशी कास्ट करणं हेच खरं उत्तर. इंग्रजी अक्षरं सगळी १२८च्या खाली, म्हणून इंग्रजीतच चाचणी करणाऱ्याला ही चूक जन्मात सापडत नाही. ती आपल्या नावांवर फुटते.

आर्गसीबद्दलही एक सांगायला हवं. इंट आणि 'साइझ-टी' यांची तुलना केली की चिन्हाच्या फरकाची वॉर्निंग येते. बरेच जण आर्गसीलाच कास्ट करून पुढे जातात. मोजणीचा चलच इंट ठेवला की प्रश्न मिटतो. पण मानक आर्गसीबद्दल काय म्हणतं ते वाचा : ऋण नसेल, एवढंच. 'किमान एक' असं मानक कुठेच म्हणत नाही. लिनक्सवरच्या पीकेएक्सेक या सर्वाधिकारी प्रोग्रॅमनं किमान एक असणारच असं गृहीत धरलं आणि मोजणी एकपासून सुरू केली. कोणी आर्गसी शून्य देऊन त्याला बोलावलं की तो आर्गव्हीच्या पलीकडे, पर्यावरण चलांच्या यादीत शिरायचा. मे २००९ पासूनची ही फट क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये उघड केली. तोवर तिच्यातून साध्या वापरकर्त्याला रूट होता येत होतं. पुढे लिनक्स कर्नलच्या ५.१८ आवृत्तीत रिकाम्या यादीत एक रिकामी स्ट्रिंग घालून देण्याची सोय झाली. इथे कंपायलरनं वॉर्निंग दिली नसती, हे मान्य. पण मेनची सही नीट वाचायची सवय असलेला माणूस तिच्यातलं 'ऋण नसेल' हेही वाचतो.

मग पोर्टेबल प्रोग्रॅमचं दार कसं बांधावं? माझं उत्तर ठाम आहे : बारीक. प्रत्येक प्रणालीसाठी एक चार ओळींचा प्रवेश, लिनक्स-मॅकवर मेन, विंडोजवर डब्ल्यूमेन किंवा विनमेन. प्रत्येकानं आपापल्या प्रणालीच्या टाइपचं नीट रूपांतर करून आत एकाच फंक्शनला बोलवावं, आणि त्यानं दिलेला इंट बाहेर पोचवावा. बाकी शंभर फाइलींना दार कोणतं होतं हे कळूही नये. आर्गसी, आर्गव्ही वापरायचेच नसतील तर काही न घेणारं मेन लिहावं. ते मानकातलंच रूप आहे. मात्र एसडीएलसारखी लायब्ररी मॅक्रोनं मेनचं नाव बदलून स्वतः त्याला बोलावते आणि दोन्ही आर्ग्युमेंटं मागते. तिथे ती घ्यावीत आणि न वापरलेल्यांना व्हॉइडची कास्ट करावी. ही कास्ट खरं बोलते : आहे, पण मला नको. तिसरं आर्ग्युमेंट म्हणून पर्यावरणाची यादी घेऊ नये, ती सगळीकडे मिळत नाही. त्यासाठी 'गेटएन्व्ह' आहे. आणि निदान दोन वेगळ्या कंपायलरांतून, वॉर्निंगला एरर मानून, आपल्याच यंत्रावर कोड काढावा. दुसऱ्याला देण्याच्या मेकफाइलमध्ये मात्र ही सक्ती घालू नये. पुढच्या वर्षीचा कंपायलर नवी वॉर्निंग शिकून येतो, आणि तुमच्या सक्तीपायी नांदेडमधल्या एखाद्याचं बिल्ड थांबतं.

व्हॉइड मेनला एक हक्काची जागा आहे, आणि ती नाकारणं अन्यायाचं होईल. पदविकेची मुलं ८०५१ वर कीलमध्ये जो कोड लिहितात, तिथे ऑपरेटिंग सिस्टिमच नसते. प्रोग्रॅम संपतच नाही, तर उत्तर कोणाला देणार? अशा यंत्रांवर सुरुवात कशी असावी हे मानकानं कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलं आहे. पण त्याच मुलांना त्याच आठवड्यात दुसऱ्या लॅबमध्ये लिनक्सवर बसवतात, आणि दोन्हीकडे दाराशी उभं कोण आहे हा फरक त्यांना कोणी सांगत नाही. तो सांगायला दहा मिनिटं लागतात.

जळगावच्या मुलासाठी मी एवढंच केलं : प्रोग्रॅम पुन्हा चालवायच्या आधी 'नमस्कार'च्या जागी 'पुणे' लिहायला सांगितलं आणि एक्झिट कोड किती येईल ते कागदावर मांडायला लावलं. चार त्रिक बारा, अधिक एक. तेरा आले. मग त्यानं व्हॉइड खोडून इंट केलं, शेवटी रिटर्न झीरो लिहिलं, आणि पुढची कमांड चालली.

जूनमध्ये महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून नवी मुलं लॅबमध्ये येतील. प्रयोगवहीतला पहिला नमुना प्रोग्रॅम बदलायला अभ्यासक्रम मंडळाची बैठक लागत नाही. मास्तरांनी फळ्यावर व्हॉइडच्या जागी इंट लिहावं, वॉल लावून कंपाइल करावं, आणि पहिल्याच तासाला वर्गाला विचारावं : हा प्रोग्रॅम संपताना काय सांगून गेला?